बेहालाची बोंटी आणि नागपूरची फळी

नागपूर सोडताना माझ्या सामानात सर्वांत जड वस्तू होती एक सागवानी फळी. हातभर लांब, वीतभर रुंद आणि मधोमध दोन लांब खिळे, टोकं वर करून ठोकलेले. एकच हात चालत असेल तर बटाटा त्या खिळ्यांत रोवायचा, म्हणजे तो जागचा हलत नाही आणि चांगल्या हातानं सुरी चालवता येते. आमच्या परदेशी पुस्तकात अशा फळीचं चित्र होतं. ते दाखवून मी आमच्या सुताराकडून ती करून घेतली होती आणि तिचा मला फार अभिमान होता. राजनांदगावच्या पुढे समोरच्या बाकावरच्या एका गृहस्थांनी न विचारता माझी पिशवी उशाला घेतली आणि पुढच्याच क्षणी ते उठून बसले.

"बाई, यात साळिंदर पाळलंय की काय?" ते मान चोळत म्हणाले.

मी त्यांना फळी काढून दाखवली आणि माझा व्यवसाय समजावून सांगितला. व्यवसायोपचार, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी. आजारानं किंवा अपघातानं ज्यांचे हातपाय अधू झाले, त्यांना रोजची कामं पुन्हा करायला शिकवायचं. जेवणं, वेणी घालणं, सदऱ्याची बटणं लावणं, स्वयंपाक. पदवी घेऊन मी नागपूरच्या एका इस्पितळात काही वर्षं काम केलं होतं आणि आता पुढच्या प्रशिक्षणासाठी सहा महिने कलकत्त्याला चालले होते. गृहस्थांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि "म्हणजे बायकांना स्वयंपाक शिकवायला पदवी लागते तर," असं म्हणून ते पुन्हा आडवे झाले. या खेपेला उशाला स्वतःची वळकटी घेतली.

हावड्याला आपटेकाका घ्यायला आले होते. हे माझ्या वडिलांचे शाळासोबती. केंद्र सरकारच्या हिशेब खात्यातून बदली होऊन इकडे आलेले. स्टेशनाबाहेर पडल्यावर समोर तो अवाढव्य पूल दिसला आणि त्यावरून ट्राम, बस, हातगाड्या, डोक्यावर कोंबड्यांच्या टोपल्या घेतलेली माणसं, सगळं एकाच वेळी चाललेलं. पुलावर आमची बस अडकली तेव्हा पायाखालची जमीन हलल्यासारखी वाटली. "सवय होते," काका म्हणाले. पुढचे सहा महिने कोणत्याही गोष्टीवर त्यांचं हेच उत्तर असे.

आपट्यांचं बिऱ्हाड डमडमला होतं. घरामागे एक पुकूर (तळं), आणि डोक्यावरून इतक्या खालून विमानं जात की काकू बोलता बोलता थांबत आणि विमान गेल्यावर वाक्य पुरं करत. त्यांची मुलगी मिनू इथेच वाढलेली. तिचं मराठी बंगालीच्या चालीवर चाले. "मावशी, तू चहा खाणार?" असं ती विचारी आणि काकू आतून ओरडत, "पिणार म्हण गं, पिणार."

पहिल्याच दिवशी काकूंनी मला एक गंमत सांगितली. त्या नव्या आल्या तेव्हा मासेवालीला रोज परत पाठवत. महिन्याभरानं शेजारीण हळूच येऊन विचारून गेली, की तुमचे मिस्टर रोज संध्याकाळी घरी येताना दिसतात, मग तुम्ही मासे का सोडलेत? इथे मासे सोडतात ते विधवा बायका. आम्ही दोघी खूप हसलो. हसण्याच्या भरात ही माहिती मी लक्षात ठेवली नाही, आणि ती मला फार महागात पडायची होती.

आमचं केंद्र डमडमच्या पलीकडे होतं. पत्र्याच्या छपराची लांबलचक शेड. एका बाजूला हातमाग, सुतारकाम आणि मातीकाम, दुसऱ्या बाजूला स्वयंपाकाचा कोपरा. वीज दुपारी हमखास जायची. लोडशेडिंगचे दिवस होते, त्यामुळे पंखा बंद पडला की रोगी आणि आम्ही सारखेच घामाघूम होत असू. आमच्या प्रमुख होत्या दत्तदी, म्हणजे दत्तताई. वयानं पन्नाशीच्या, पांढरी तांतची (हातमागाची) साडी, आवाज मृदू, आणि त्या मृदू आवाजात त्या समोरच्याची पार भंबेरी उडवत.

"प्रत्येकीला एक रोगी," त्यांनी सांगितलं. "पहिल्या दिवसापासून उपचार संपेपर्यंत. आपल्या घरी तो काय करतो हे पाहून आलात, तरच तुमचं प्रशिक्षण पुरं झालं असं मी म्हणेन."

माझ्या वाट्याला आल्या चक्रवर्ती मासीमा. मासीमा म्हणजे मावशी. इथे वयस्क बाईला सगळे तसंच म्हणतात. साठीच्या आसपासच्या, लहान चणीच्या, बारीक कापलेले केस. पक्षाघातानं त्यांची डावी बाजू गेली होती. पाय बराचसा सुधारला होता, काठी घेऊन त्या चालत. हात मात्र अशक्त. खांद्यापासून उचलता यायचा, बोटं मिटायची, पण पकड लेच्यापेची.

त्यांना घेऊन येई तो पुतण्या, बिकाश. बेहालाला राहणारा, एका कचेरीत कारकून. मासीमांना मूलबाळ नव्हतं. तरुणपणीच वैधव्य आलं आणि दिराच्या घरात या बिकाशला त्यांनीच लहानाचं मोठं केलं. पहिल्याच भेटीत त्यानं मला बाजूला नेऊन इंग्रजीत सांगितलं, की जेठीमाला (मोठ्या काकूला) पुढच्या महिन्यात नवद्वीपच्या एका आश्रमात पाठवायचं ठरलं आहे. तिथे विधवांची सोय असते.

"का?" मी जरा जोरातच विचारलं.

"तिचा स्वयंपाक वेगळा असतो. ती तो स्वतः करते. एरवी दुसऱ्या कुणाच्या हातचं खात नाही. आता आजारपणात माझी बायको आंघोळ करून, साडी बदलून तिच्यासाठी वेगळं रांधते आणि मग सकाळची शाळा गाठते, ती शिक्षिका आहे. किती दिवस चालणार?" तो खाली बघत म्हणाला. "मला काय हौस आहे, दीदी?"

त्याच्यावर रागवायचं माझ्या मनात होतं, पण ते जमलं नाही. म्हणजे सगळा प्रश्न एवढाच होता. मासीमांना स्वतःचा भात आणि भाजी स्वतः करता आली तर त्या आपल्या घरी राहतील. नाही आली तर नवद्वीप. बिकाशनं महिनाअखेरपर्यंत वाट पाहून मगच पक्कं ठरवायचं कबूल केलं.

मला वाटलं, हे तर माझ्या फळीचंच काम.

दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकाच्या कोपऱ्यात फळी मांडली, खिळ्यांत बटाटा रोवला आणि मासीमांच्या उजव्या हातात सुरी दिली. त्यांनी बटाट्याकडे पाहिलं, सुरीकडे पाहिलं आणि सुरी खाली ठेवली. दोन-तीन दिवस हेच झालं. मग मला वाटलं, परकी वस्तू आहे, म्हणून बिचकत असतील. इथे सगळ्या बायका बोंटीवर चिरतात. बोंटी म्हणजे त्यांची विळी. आपल्यासारखीच जमिनीवर बसून वापरायची, फक्त पातं चांगलं उंच आणि बाकदार, आणि खालची फळी पायानं दाबून धरायची. मी केंद्राच्या भटारखान्यात गेले, तिथली बोंटी मागून आणली, चिंच आणि राखेनं लख्ख घासली आणि मोठ्या ऐटीत मासीमांपुढे ठेवली.

मासीमांनी हात मागे घेतला. नुसता मागे घेतला नाही, पदराखाली झाकला. चेहरा एकदम बंद झाला. त्या दिवसानंतर त्या येत, भिंतीशी बसत आणि कशालाही हात लावत नसत. खुंट्या भोकांत बसवायचा व्यायाम दिला तर म्हणत, "ओ तो बाच्चादेर खेला" (हा तर पोरांचा खेळ).

मी केसपेपरवर लिहिलं, 'रोग्याचं सहकार्य नाही, मनोबल कमी.' दत्तदींनी ते वाचलं.

"तिचं घर पाहिलंस?"

"अजून नाही. उपचार संपवण्याच्या आधी जायचं असतं ना?"

"मनोबल कमी आहे हे तिचं घर न पाहता कळलं तुला. हुशार आहेस," त्या मृदू आवाजात म्हणाल्या आणि पुढच्या टेबलाकडे वळल्या.

मी चडफडत बेहालाला निघाले. डमडमहून लोकलनं सियालदा, तिथून एस्प्लनेड, आणि तिथून बेहालाची ट्राम. ट्राम मैदानाच्या कडेकडेनं जाते तेव्हा मोठी सुंदर वाटते. दोन्ही बाजूंना हिरवळ, मेंढ्या चरताहेत, वारा येतोय. खिदिरपूर ओलांडलं की हिरवळ संपते आणि माणसं सुरू होतात. बेहालाला गल्ल्यांतून लेथचा आवाज, खाली पत्र्याचे कारखाने आणि वर राहती घरं. मी पत्ता चुकले. एका मिठाईच्या दुकानात विचारलं, तर दुकानदारानं आधी बाकावर बसवलं, मातीच्या कुल्हडात चहा दिला, मी कुठली, काय करते, लग्न झालं का, हे सगळं विचारून घेतलं आणि मग घर दाखवलं. ते दुकानाच्या बरोबर समोर होतं.

बिकाशची बायको रेखा नुकतीच शाळेतून आली होती. चुणचुणीत, दमलेली, बोलकी. तिनं मला स्वयंपाकघर दाखवलं. मी टेप काढली आणि कामाला लागले. चुलीची उंची, दाराची रुंदी, उंबरा. एका कोपऱ्यात बोंटी होती, तिच्या पात्याची उंची मोजली. समोरच्या कोपऱ्यात, लहानशा वेगळ्या चुलीजवळ, दुसरी बोंटी पाटावर उभी करून ठेवलेली होती. तिच्याकडे हात नेला, तोच रेखानं माझं मनगट धरलं.

"दीदी, थांबा. ती आँशाची होती, ही निरामिष." मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून तिला कळलं, की या बाईला काहीच माहीत नाही. "आँश म्हणजे खवले. माशाचे. त्या बोंटीवर मासे कापतो आम्ही. ही जेठीमाची. हिला मासा कधी लागलेला नाही. ती धरलेल्या हातानं हिला शिवायचं नाही, हात धुवून या."

मी हात धुवायला गेले आणि तिथे नळाशीच मला सगळा उलगडा झाला. केंद्राच्या भटारखान्यात रोज रुई मासा शिजतो. ती बोंटी मी घासूनपुसून त्या बाईंच्या मांडीशी नेऊन ठेवली होती. सोवळं काय असतं हे आम्हाला माहीत नाही असं थोडंच आहे? पण ज्या घरात मासाच येत नाही, त्या घरातल्या मुलीला विळ्या दोन असतात हे कुठून सुचणार? आणि नागपूरहून आलेल्या त्या फळीवर आजवर काय काय चिरलं गेलंय, हे तरी मासीमांना कुठं ठाऊक होतं?

परत येताना ट्राममध्ये मात्र मला रागच येत होता, आणि तो या सगळ्या रीतीचा होता. नवरा गेला म्हणून जन्मभर वेगळी चूल, वेगळं पातं, आणि म्हातारपणी ती चूल पेटवता येईना तर घराबाहेर. दत्तदींना मी हे सगळं तावातावानं ऐकवलं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

"मलाही येतो राग," त्या शेवटी म्हणाल्या. "माझी आईही अशीच जगली. पण महिनाअखेर जवळ आली आहे. रीत मोडायला आपल्याला वेळ नाही, चूल पेटवायला आहे."

बिकाशनं मासीमांची बोंटी नव्या गमछ्यात गुंडाळून आणली. मी कोपरा धुवून काढला, कोरी चटई अंथरली, आणि त्या दिवशी आंघोळ करूनच कामावर गेले होते हे मासीमांना मुद्दाम सांगितलं. माझं मोडकंतोडकं बंगाली ऐकून त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात पहिल्यांदा काहीतरी हललं. त्या काठी टेकून, माझ्या खांद्याला धरून खाली बसल्या. उजवा पाय आपोआप बोंटीच्या फळीवर गेला.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की पुस्तकातल्या फळीपेक्षा ही बोंटी आमच्या कामाला कितीतरी सरस आहे. सुरीनं चिरताना एक हात सुरी चालवतो आणि दुसऱ्याला पदार्थ धरून बसावं लागतं. बोंटीचं पातं जागचं हलत नाही. भाजी दोन्ही हातांनी धरून पात्यावर न्यायची, दोन्ही हातांचं काम एकच. चांगला हात पुढे जातो आणि अधू हात त्याच्यासोबत ओढला जातो. हेच तर आम्ही शिकवत असतो, त्यासाठी केवढी उपकरणं करतो. डाव्या हाताला स्पर्श नीट कळतो की नाही हे मी आधीच कापसानं आणि टाचणीनं तपासलं होतं. पात्याच्या वरच्या भागाला चिंध्या बांधल्या आणि दुधी भोपळा हातात दिला.

पहिल्या दिवशी जेमतेम चार फोडी झाल्या. दुसऱ्या दिवशी भोपळा निसटून गडगडत हातमागापाशी गेला आणि विणणारे सगळे हसले. मासीमाही हसल्या. मग पडवळ, मग बटाटा. आठवड्याभरानं त्यांनी स्वतःहून मोचा मागितला. मोचा म्हणजे आपलं केळफूल. ते निवडणं किती किचकट, हे आपल्याकडच्या बायकांना सांगायला नको. प्रत्येक बारक्या फुलातला कडक दांडा आणि पारदर्शक पापुद्रा ओढून काढायचा. ज्या बोटांनी खुंट्या उचलायचं नाकारलं होतं, ती बोटं तेल लावून तासभर केळफुलाशी झटत राहिली. मी शेजारी बसून निवडू लागले, तर माझं काम पाहून त्या म्हणाल्या, "तोमादेर देशे की भाबे खाय, दांडा शुद्धो?" (तुमच्या देशात काय दांड्यासकट खातात?)

राहिला होता भात. इथे भात पेज काढून करतात आणि उकळतं भांडं दोन हातांनी कलंडवावं लागतं. त्या पकडीवर ते सोपवणं शक्य नव्हतं. मी त्यांना आपल्यासारखा, पाणी आटवून भात करून दाखवला. त्यांनी दोन शितं दाबून पाहिली आणि अगदी सभ्यपणे म्हणाल्या, की हा आजारी माणसाला बरा. बरीच डोकेफोड करून आम्ही तांदूळ पातळ फडक्यात सैल बांधून शिजवले. शिजल्यावर फडक्याची गाठ उलथन्याच्या दांड्यात अडकवून एका हातानं वर उचलायची, पेज भांड्यातच राहते. पहिल्या खेपेला गाठ सुटली आणि सगळं सांडलं. दुसऱ्या खेपेला मी गाठ मारली नाही, मासीमांनीच एक हात आणि दातांनी मारली. ती सुटली नाही.

महिनाअखेरीस माझी केस सादर झाली. बाहेरून आलेल्या डॉक्टरांनी मासीमांची पकड तपासली, आकडे पाहिले आणि कागद बाजूला सारला. "हातात फारसा फरक दिसत नाही," ते म्हणाले. खरंच होतं. हात जवळजवळ तेवढाच अशक्त होता. मी ओशाळून दत्तदींकडे पाहिलं, तर त्या त्यांना म्हणाल्या, "रविवारी बेहालाला चला, जेवायला."

डॉक्टर आले नाहीत. मी गेले. मासीमा आपल्या चुलीपाशी बसल्या होत्या. शुक्तो (कडू-गोड मिश्र भाजी), मोचाचा घोंटो (परतलेली सुकी भाजी), भात. मला मदत करायची परवानगी नव्हती, म्हणून मी दारात हात बांधून बसले, आणि फडकं वर उचललं जाताना गाठीवरून नजर हटवली नाही. बिकाश माझ्यामागे उभा होता. भात केळीच्या पानावर उतरला, मोकळा, पांढराशुभ्र. मासीमांनी पहिलं पान माझ्यापुढे सरकवलं. बिकाश खाली बसला आणि म्हणाला, "जेठीमा, आमाकेओ दाओ" (मलाही वाढ).

लहानपणानंतर तो तिच्या हातचं जेवलाच नव्हता, असं रेखा नंतर म्हणाली. त्यानं शुक्तो दोनदा मागून घेतलं. हात धुवून आल्यावर तो आश्रमाबद्दल बोलायला लागला, तशी मासीमांनी त्याला मध्येच थांबवलं आणि रेखाला सांगितलं, की पुढच्या रविवारी दोन मोचे आण, एवढ्या माणसांना एक पुरत नाही.

प्रशिक्षण संपलं त्या दिवशी हावड्याला मला पोचवायला आपटेकाका, काकू आणि मिनू आले होते. मिनूनं "मावशी, पाणी खाऊन घे" असं बजावलं आणि या वेळी काकूंनी तिला सुधारलं नाही. फळी मी केंद्राला देऊन टाकली होती. एका कारखान्यात उजवा हात गमावलेला तरुण तिच्यावर पाव कापायला शिकत होता आणि त्याला ती फार आवडली होती.

गाडी सुटता सुटता बिकाश धावत आला आणि खिडकीतून एक डबा देऊन गेला. खरगपूरच्या पुढे भूक लागली तेव्हा मी तो उघडला. वर लुची (मैद्याच्या पुऱ्या) होत्या, एकसारख्या गोल, पातळ, रेखानं लाटलेल्या. खाली बटाट्याची भाजी. तिच्यातल्या फोडी लहानमोठ्या होत्या. काही जाड, काही तिरक्या, एक तर अर्धा बटाटाच. रेखानं चिरल्या असत्या तर त्याही एकसारख्या झाल्या असत्या. डॉक्टरांना जो फरक आकड्यांत दिसला नाही तो मला त्या वेड्यावाकड्या फोडींत दिसत होता, आणि शेजारच्या बाकावर माणसं होती तरी मला रडू आवरेना. समोरच्या बाईंनी विचारलं, तिखट लागलं का? मी हो म्हटलं आणि त्यांनाही थोडी भाजी वाढली.